हंडा, लाटणं आणि विधानसभा

सरपंचपदाची सोडत निघते, ‘महिला राखीव’ अशी चिठ्ठी येते आणि पारावर पहिला प्रश्न विचारला जातो, “मग कुणाच्या बायकोला उभं करायचं?” बाईचं स्वतःचं नाव त्यानंतर केव्हातरी निघतं. आधी घर ठरतं, मग गट ठरतो, मग त्या घरातली शिकलेली सून की वडीलधारी सासू ते ठरतं. निवडून आल्यावर ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर बाई, पण शेजारच्या खुर्चीवर ‘सरपंचपती’. मैत्रिणींनो, आपल्या शिरड शहापूरच्या पंचक्रोशीत हे चित्र कुणाला नवीन आहे? औंढा काय, वसमत काय, कळमनुरी काय, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच.

७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि पंचायतीतल्या एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली. त्यात लोकसभा आणि विधानसभेच्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी ठेवायच्या ठरल्या, पण त्याला जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट घातलेली आहे. म्हणजे जागा मिळत चालल्या आहेत. पण जागा मिळाली म्हणजे राजकारण करता येतं का? बाईने राजकारण करायचं म्हणजे नेमकं करायचं तरी काय? पुरुषांसारखंच गटतट सांभाळायचे, लग्नं-मयत करत फिरायचं आणि निधी आणला म्हणून फलक लावायचे?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला एक नाव सारखं आठवतं. मृणाल गोरे. राखीव जागा नसताना ही बाई मुंबई महापालिकेत गेली, विधानसभेत गेली, लोकसभेत गेली आणि विधानसभेत विरोधी पक्षनेतीही झाली. समाजवादी पक्षाची कार्यकर्ती. मागे साखर कारखाना नाही, शिक्षणसंस्थांचं जाळं नाही, घराणं नाही. आता तुम्ही म्हणाल, मुंबईच्या गोरेगावातली बाई आणि आपल्या हळदीच्या रानात राबणारी बाई, यांचा काय संबंध? आहे संबंध. तोच आज बघू या.

डॉक्टरकी सोडून चाळीत

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरच्या त्या मोहिले. हुशार मुलगी, वैद्यकीय शिक्षण घेत होती. त्या काळात डॉक्टर होऊ घातलेली मुलगी म्हणजे घराण्याला केवढा अभिमान! पण स्वातंत्र्याच्या चळवळीचे दिवस होते, राष्ट्र सेवा दलाचं वारं लागलं आणि तिने शिक्षण अर्धवट सोडलं. १९४८ मध्ये सेवा दलातलेच कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न केलं. जातीबाहेरचं लग्न. दोघांनी गोरेगावात संसार मांडला आणि संसाराबरोबरच समाजवादी पक्षाचं कामही.

गोरेगाव तेव्हा मुंबईचं टोकाचं उपनगर. गिरण्या-कारखान्यांत कामाला आलेली माणसं, चाळी, झोपड्या. मृणालताई घरोघर जायच्या, बायकांशी बोलायच्या. कुटुंबनियोजनाचा शब्द उच्चारायलाही लोक लाजत होते, त्या काळात त्यांनी त्याचं काम केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या होत्या. आणि १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरी लहान मुलगी, वय तिशीचं.

आपल्याकडे अशा वेळी बाईला काय सांगितलं जातं? “आता घरात बस, लेकराकडे बघ.” मृणालताईंनी लेकराकडेही बघितलं आणि कामही चालू ठेवलं. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. त्यांनी हाती घेतलेला प्रश्न होता पाण्याचा. वस्तीत नळ नाही, असला तर पाणी नाही, आलं तर अपरात्री. रात्री उठून रांगेत उभं कोण राहणार? बाईच. पुरुषांच्या दृष्टीने तो ‘घरगुती’ त्रास होता. मृणालताईंनी तोच सभागृहात नेला. हंडे घेऊन बायका मोर्चाने गेल्या. नळ आले आणि लोकांनी त्यांचं नाव ठेवलं, ‘पाणीवाली बाई’. कुणी चेष्टेने ठेवलं असेल, कुणी प्रेमाने. पण पुढे आयुष्यभर तेच नाव बिरुदासारखं राहिलं.

इथे जरा थांबून विचार करा. आपल्या तालुक्यातच पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे, वर येलदरी आहे. तरी उन्हाळ्यात हंडा डोक्यावर घेणारी बाई कितीतरी गावांत दिसते. धरण कुठे बांधायचं, कालवा कुठून काढायचा, पाणी आधी उसाला की आधी प्यायला, हे सगळं ‘मोठं’ राजकारण मानलं जातं. बाईचा हंडा मात्र ‘घरगुती’. मृणालताईंनी पुसून टाकली ती हीच रेघ. डावं राजकारण म्हणजे लाल झेंडा आणि गिरणीतला संप एवढंच आपण समजतो. पण ज्याच्याकडे सत्ता नाही, मालमत्ता नाही, त्याच्या बाजूने उभं राहायचं, हा जर डावेपणाचा अर्थ असेल, तर रात्री दोन वाजता नळावर उभी असलेली बाई त्यात सगळ्यात आधी यायला हवी होती. ती बऱ्याच उशिरा आली.

१९७२ : तिकडे लाटणं, इकडे खडी

आता १९७२ साल घ्या. आपल्याकडच्या आज्यांना हे साल विचारायची गरज नाही, बोलता बोलता त्याच सांगतात. ‘बहात्तरचा दुष्काळ.’ मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, रानात दाणा नाही. सरकारने कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. बाया उन्हात बसून खडी फोडत होत्या. सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाल्ली. घराबाहेर कधी पाऊल न टाकलेल्या घरंदाज बायकाही त्या कामावर गेल्या.

त्याच वर्षी मुंबईत मृणालताई विधानसभेवर निवडून आल्या होत्या. दुष्काळामुळे धान्य, तेल, साखर, रॉकेल सगळंच महागलं होतं आणि बाजारातून गायबही होत होतं. सप्टेंबर १९७२ मध्ये तिथल्या बायकांनी मिळून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. तिच्यात समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी, अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका होत्या. यांचे पक्ष एकमेकांशी कडाकडा भांडत होते. या मात्र एकत्र आल्या, कारण रॉकेलच्या रांगेत पक्ष बघून डबा भरत नाहीत.

त्यांनी काय केलं? लाटणं हाती घेऊन मोर्चे काढले. ठरलेल्या वेळी घराच्या खिडकीत, दारात उभं राहून थाळ्या वाजवायच्या, असा थाळीनाद केला. मंत्र्यांना घेराव घातले. ज्या बाईला मोर्चाला येणं जमत नव्हतं, मूल लहान होतं, सासू कडक होती, तीही दारात उभी राहून थाळी वाजवू शकत होती. आंदोलनाची ही रीत पुस्तकात सापडली नव्हती, ती बाईचा दिवस कसा जातो हे ठाऊक असलेल्या बायकांना सुचली होती.

बघा, एकाच वर्षी, एकाच दुष्काळात, मुंबईत बाई लाटणं घेऊन रस्त्यावर आणि मराठवाड्यात बाई हातोडी घेऊन रस्त्यावरच. एकीचं नाव वर्तमानपत्रात आलं, दुसरीचं हजेरीपटावर. आपल्याकडच्या त्या बायांनी कुठलं आंदोलन केलं नाही, असं कुणी म्हणू नये. कामं मागायला तहसिलीवर जाणं, मजुरी थकली की मुकादमाला जाब विचारणं, हे मोर्चेच होते. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष यांनी ‘कामाचा हक्क’ ही मागणी लावून धरली. वि. स. पागे यांनी कल्पिलेल्या योजनेतून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम द्यायलाच हवं, असं कायद्याने सांगणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. त्याला पैसा लागणार म्हणून शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. म्हणजे मुंबईतल्या पगारातून कापलेले पैसे मराठवाड्यातल्या बाईच्या मजुरीत आले. शहराच्या बाईचा आणि आपला संबंध काय, असं आपण सुरुवातीला विचारलं होतं ना? हा एक संबंध.

पुढे २००५ मध्ये केंद्राने महाराष्ट्राचा धडा गिरवून देशभर रोजगार हमीचा कायदा केला. तेव्हा केंद्रात ग्रामविकास राज्यमंत्री होत्या सूर्यकांता पाटील, आपल्याच हिंगोली मतदारसंघाच्या खासदार. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले, पण खर्चाचा जास्त वाटा राज्यांवर आला. हा बदल चांगला की वाईट यावर विद्वान भांडतील. आपण एवढंच लक्षात ठेवू, की दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांमुळे जो हक्क कागदावर आला, तो कागदावर कायम राहील याची खात्री कुणी देत नसतं. राखला तरच तो राहतो.

अकोल्याचा तुरुंग आणि नाकारलेलं मंत्रिपद

२५ जून १९७५ ला आणीबाणी आली. मृणालताई भूमिगत झाल्या. वेश बदलून, घरं बदलून काम करत राहिल्या. डिसेंबरमध्ये पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटं ठेवलं. शेजारच्या कोठडीत कुष्ठरोगी बाई, समोर मानसिक तोल गेलेली बाई. एका लोकप्रतिनिधीला मोडण्यासाठी केलेली ही व्यवस्था. आपल्यावर काय बेतलं यापेक्षा त्या दोघींच्या हालाची गोष्ट आधी नोंदली गेली पाहिजे, असं मला वाटतं. कारण त्या दोघी कुठल्याही आणीबाणीशिवाय तिथे होत्या.

१९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षाची लाट आली. मृणालताई उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, इंदिराबाई रायबरेलीत पडल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा तेव्हाची. अहिल्याताई रांगणेकरही त्याच वेळी मुंबईतून निवडून आल्या. लाटणं मोर्चातल्या दोघी एकदम लोकसभेत!

मोरारजी देसाईंनी मृणालताईंना आरोग्य खात्याचं मंत्रिपद देऊ केलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. लोकांत राहून काम करायचं म्हणाल्या. या गोष्टीचं आजवर फार कौतुक झालं आहे. मला मात्र याबद्दल दोन्ही बाजूंनी विचार करावासा वाटतो. पदाचा मोह नसणं मोठंच. पण आरोग्य खातं! गावोगावच्या बाळंतिणी, प्राथमिक आरोग्य केंद्रं, दायांचं प्रशिक्षण. अर्धवट का होईना, पण वैद्यकीय शिक्षण घेतलेली, वस्त्यांमधून फिरलेली बाई त्या खुर्चीवर बसली असती तर? चांगल्या बाईने पद नाकारायचं आणि आपण तिची पूजा करायची, या सवयीने बायकांचं नुकसानही होतं. ‘मला काही नको बाई’ हे वाक्य आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मृणालताईंचा निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांनी विचारपूर्वक घेतला. आपण तो सरसकट आदर्श मानायची गरज नाही. कारण ज्या खुर्चीवर आपण बसत नाही, ती रिकामी राहत नाही.

मोर्च्यातून कायद्याकडे

त्यांच्या कामातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग पुढचा आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. १९८८-८९ मध्ये विरोधी पक्षनेत्या होत्या. मुंबईत तेव्हा गर्भजल परीक्षा करून मुलगी असेल तर गर्भ पाडण्याचा धंदा जोरात होता. भिंतींवर, गाड्यांत जाहिराती होत्या. स्त्री संघटना, डॉक्टर, वकील, शास्त्रज्ञ अशा मंडळींनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. रस्त्यावरचा हा प्रश्न विधिमंडळात नेणारं कुणीतरी हवं होतं. १९८६ मध्ये मृणालताईंनी अशासकीय विधेयक मांडलं. सरकारने वेळ काढला, समिती नेमली, पण मागणी दबली नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग चाचणीवर बंधन घालणारा कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २००३ मध्ये तो दुरुस्त करून कडक केला गेला.

आता याचा आपल्याशी संबंध सांगायलाच हवा का? महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या, २०११ मध्ये ८९४. आपल्याच मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात २०११ चा आकडा होता ८०७. २०१२ मध्ये परळीचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. कायदा होऊन चोवीस वर्षं झालेली होती! म्हणजे कायदा करून भागत नाही, असं कुणी म्हणेल. खरंच भागत नाही. पण कायदाच नसता तर परळीला गुन्हा कुठल्या कलमाखाली दाखल झाला असता? मोर्चाने प्रश्न दिसतो, कायद्याने हत्यार मिळतं, आणि हत्यार वापरायला पुन्हा माणसं लागतात. या तिन्ही ठिकाणी पाय रोवून उभं राहणाऱ्या बायका आपल्याकडे फार थोड्या झाल्या.

घरांचंही तसंच. कमी उत्पन्नाच्या लोकांना मुंबईत घर मिळावं म्हणून त्यांनी बाबूराव सामंत वगैरे सहकाऱ्यांबरोबर नागरी निवारा परिषद उभी केली, कोर्टात लढल्या आणि गोरेगाव-दिंडोशीच्या बाजूला सहा हजारांहून जास्त घरं उभी राहिली. अडचणीतल्या बायकांसाठी ‘स्वाधार’ हे केंद्र सुरू झालं. मागणी करायची, भांडायचं आणि शेवटी काहीतरी बांधून दाखवायचं. १७ जुलै २०१२ ला त्या गेल्या. २०१६ मध्ये गोरेगावातल्या नव्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव दिलं गेलं.

मग धागा कुठे तुटला?

इतकं सगळं होऊनही आज मृणालताईंच्या वाटेने जाणारी फळी का दिसत नाही? ‘आता तशी माणसं राहिली नाहीत’ हे उत्तर सोपं आहे, म्हणून ते मला पटत नाही.

एक कारण पक्षाचं. समाजवादी पक्ष फुटत, जुळत, पुन्हा फुटत गेला. जनता पक्ष झाला, जनता दल झाला, त्याचेही तुकडे झाले. मुंबईत गिरण्या बंद पडल्या, कामगार वस्त्या पांगल्या. ज्या चाळींमधून लाटणं मोर्चा निघायचा, त्या चाळीच राहिल्या नाहीत. नव्वदच्या दशकात राजकारणाची भाषा बदलली, ओळख आणि अस्मिता पुढे आल्या, भाववाढ मागे पडली. संघटना नसेल तर एकटी कर्तबगार बाई किती दिवस पुरणार?

दुसरं कारण आतलं. डाव्या पक्षांनी मोर्चाला बायका आणल्या, तुरुंगात बायका नेल्या, पण तिकीटवाटपाच्या खोलीत किती नेल्या? मराठवाड्यात हैदराबाद मुक्तिलढ्यापासून कम्युनिस्टांची, शेकापची, समाजवाद्यांची मोठी परंपरा. जमीन, कूळ, दुष्काळ, विकासाचा अनुशेष, सगळ्या प्रश्नांवर लढे झाले. त्या लढ्यांतल्या पुरुष नेत्यांची नावं आपल्याला धडाधड आठवतात. बायकांची आठवायला वेळ लागतो. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या गोदावरी परुळेकर अपवाद ठरल्या. त्यांचं मोठेपण निर्विवाद, पण गावाकडच्या डाव्या राजकारणाला दुसरी गोदावरी का मिळाली नाही, हा प्रश्न त्या पक्षांनी स्वतःला विचारायला हवा होता.

आणि तिसरं, मृणालताईंच्या कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते काम शहराचं होतं. एका वस्तीत हजार घरं, एका हाकेवर जमणाऱ्या बायका. आपल्याकडे वाडी-तांडे विखुरलेले, गावात भावकी, जातीच्या वेगळ्या गल्ल्या, वेगळे पाणवठे. खेड्यात मोर्चाला निघालेली बाई दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या रानात निंदायला जाते, ज्याच्याविरुद्ध घोषणा दिल्या. हळद काढणीच्या दिवसांत काम देणारा आणि सरपंच निवडणारा बहुतेक वेळा एकच असतो. इथे लाटणं उगारणं मुंबईपेक्षा महाग पडतं. म्हणून शहरातली रीत जशीच्या तशी उचलून चालत नाही.

नागरिक की लाभार्थी?

ऑगस्ट २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १५०० रुपये राज्यातल्या बायकांच्या खात्यात येऊ लागले. हे पैसे म्हणजे भीक आहेत, असं शहरातल्या गाद्यांवर बसून म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. हळद शिजवणीच्या धुरात दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला स्वतःच्या नावावर आलेले पैसे म्हणजे काय, हे तिलाच विचारा. नवऱ्यापुढे हात न पसरता लेकीची वही घेता येते, औषध आणता येतं. हे लहान नाही.

पण लाटणं मोर्चातली बाई आणि खात्यात पैसे आलेली बाई, या दोघींच्या मागणीत फरक आहे. पहिली म्हणत होती, तेलाचा भाव सगळ्यांसाठी कमी करा. दुसरीला पैसे एकटीला मिळतात, मोबाइलवर संदेशही एकटीला येतो. नंतर छाननी झाली, ई-केवायसी आली, नावं गळाली, तेव्हा ज्या बाईचं नाव गळलं ती एकटीच बँकेच्या दारात उभी राहिली. शेजारणीचं नाव टिकलं होतं, त्यामुळे ती गप्प. एकेकटीला दिलेलं एकेकटीकडून काढून घेणं सोपं असतं. नळ मात्र एका घराचा काढता येत नाही, गल्लीच उठते. मृणालताईंच्या राजकारणाचं सार मला इथे दिसतं. त्यांनी बायकांना अशा गोष्टी मागायला शिकवलं, ज्या सगळ्यांना मिळाल्याशिवाय एकीलाही मिळत नाहीत. पाणी, भाव, वस्ती, मुलीचा जन्माला येण्याचा हक्क.

मग आज आपल्याकडे काहीच नाही का? आहे की! १९७२ मध्ये मुंबईच्या बायकांना समिती नव्याने उभी करावी लागली. आज गावोगाव बचत गट आहेत. दर आठवड्याला, महिन्याला बायका जमतात, हिशेब ठेवतात, सह्या करतात, बँकेत जातात. इतकी मोठी संघटना तर कुठल्याही डाव्या पक्षाला कधी उभी करता आली नव्हती. फक्त तिथे बोलणं होतं ते कर्जाच्या हप्त्याचं. गावाच्या नळाचं, रेशनच्या दुकानाचं, आरोग्य उपकेंद्रात सिस्टर किती दिवस येते याचं बोलणं होत नाही. संघटना आहे, विषय नाही. आणि सरपंचबाईकडे विषय आहेत, संघटना नाही. म्हणून तिला नवऱ्याच्या गटावर विसंबावं लागतं. या दोघींची गाठ पडली तर?

कायद्याने काही चाव्या आपल्या हाती दिल्या आहेत. नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं आपल्या राज्यात बंधनकारक आहे. कितीतरी गावांत ती नुसती रजिस्टरात होते, घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गावाच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असायला हव्यात. दारूच्या दुकानाविरुद्ध गावात मतदान मागायचं, तर एक चतुर्थांश महिला मतदारांच्या सह्या पुरतात. ‘जल जीवन’ योजनेत नळ बसला पण पाणी आलं नाही, टाकीचं काम अर्धवट राहिलं, तर अंदाजपत्रक आणि झालेला खर्च ग्रामसभेत वाचून दाखवा, असं म्हणायचा अधिकार प्रत्येक मतदार बाईला आहे. यासाठी आमदार व्हावं लागत नाही.

शिरड शहापूर काही मुंबई नाही. इथे ओळखीच्या माणसाला प्रश्न विचारायचा असतो, आणि तेच अवघड असतं. म्हणून एकटीने विचारू नये. पुढची महिला सभा कागदावर न होता प्रत्यक्ष भरावी, बचत गटाची बैठक असते तशी वीस-पंचवीस जणींनी मिळून जावं, आणि एकच प्रश्न न्यावा. दहा प्रश्न नेले की दहाही ‘बघू’ म्हणून टोलवले जातात. मृणालताईंनी सुरुवातीला एकच नेला होता, पाण्याचा. सरपंच बाई असेल तर तिला घाबरवायला न जाता तिच्या बाजूने जावं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांना प्रेमाने सांगावं, “दादा, आज बाहेर बसा. वहिनींशी बोलायचंय.” आणि वहिनी काय म्हणतात ते ठरावाच्या वहीत, त्यांच्याच सहीने, उतरतं की नाही ते उठण्याआधी बघून यावं.